माल पोचण्याआधी माहिती पोचली पाहिजे: पुरवठा साखळीत आयटीचं नेमकं काम

तासगावात तुमच्या वडिलांचं कोल्ड स्टोरेज आणि बेदाण्याचं पॅकिंग युनिट आहे, तुम्ही सांगलीत एमबीए करता आहात आणि तुमचा प्रश्न दुपदरी आहे. पुस्तकातल्या धड्यात ईआरपी (सगळ्या धंद्याचा हिशेब एकाच प्रणालीत), आरएफआयडी (रेडिओ लहरींनी वाचली जाणारी ओळखचिठ्ठी), क्लाउड (नेटवरून दुसरीकडं साठवलेली माहिती), ब्लॉकचेन अशी भली मोठी यादी आहे. त्यातलं आपल्या धंद्याला काय लागू पडतं? आणि एका सॉफ्टवेअर कंपनीचं कोटेशन टेबलावर पडून आहे, वडील म्हणतात ‘वहीवर चाललंय की व्यवस्थित’, तर ते घ्यावं की नाही?

आधी थेट उत्तर देतो. माल जिथं हात बदलतो तिथं, त्याच वेळी नोंद व्हावी आणि ती नोंद मालाच्या आधी पुढच्या माणसाकडं पोचावी, हे पुरवठा साखळीतलं आयटीचं मूळ काम. पुस्तकातली बाकी सगळी नावं या एका गोष्टीवर उभी आहेत. ही नोंद नीट नसेल तर लाखोंचं सॉफ्टवेअर घेऊनही हाती काही लागत नाही, आणि ती नीट असेल तर टॅली या साध्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरही बरंच काम होतं. माझी बरीच वर्षं साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात गेली, नंतर बेदाणा आणि हळदवाल्यांची कामं केली. त्यामुळं उदाहरणं तिथलीच देतो; पुस्तकातल्या मोटारींच्या कारखान्यापेक्षा ती तुम्हाला जवळची वाटतील.

उसापासून सुरुवात करतो, कारण पुरवठा साखळी म्हणजे काय हे शिकायला साखर कारखान्याच्या केन यार्डाइतकी (उसाच्या गाड्या उभ्या राहतात ते आवार) चांगली जागा मी तरी पाहिलेली नाही. दिवसाला ५००० टन गाळप करणारा कारखाना धरा. म्हणजे तासाला साधारण २०८ टन. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर सोळाएक टन ऊस आणतो असं धरलं तर गव्हाणीत (ऊस मिलमध्ये टाकायची जागा) तासाला तेरा गाड्या रिकाम्या व्हायला लागतात, रात्री दोन वाजतासुद्धा. त्यात खंड पडला तर नुसत्या मिल थांबत नाहीत. बॉयलरचं जळण म्हणजे बगॅस (उसाचा चोथा), आणि बगॅस उसातूनच येणार. ‘नो केन’ म्हणून मिल थांबली की वाफ, साखर शिजवायचे पॅन, वीज सगळीच घडी विस्कटते. उलट, गाड्या जास्त आल्या तर ऊस यार्डात वाळतो. तोडलेल्या उसातल्या साखरेचं विघटन लगेच सुरू होतं, म्हणून तो चोवीस तासांच्या आत गाळावा असा दंडक आहे. उशीर झाला की कारखान्याचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) घटतो, आणि वजन घटल्यामुळं शेतकऱ्याचंही थेट नुकसान होतं, कारण त्याचे पैसे काट्यावरच्या टनावर ठरतात.

जुन्या पद्धतीत चिटबॉय (कारखान्याचा नोंदी ठेवणारा माणूस) फडात, म्हणजे तोडणी चालू असलेल्या शेतात जायचा, तोडणीच्या चिठ्ठ्या लिहायचा आणि संध्याकाळी मोटारसायकलवरून गट ऑफिसला आणून द्यायचा. तिथून फोनवर आकडा कारखान्यात कळवला जायचा. म्हणजे आज दुपारी कुठल्या फडातून किती गाड्या भरल्या हे शेती विभागाला रात्री कळायचं, आणि गाडी त्याआधीच गाड्यांना क्रम देणाऱ्या नंबरटेकरसमोर येऊन उभी असायची. माहिती मालाच्या मागून यायची. अशा वेळी शहाणा शेती अधिकारी काय करतो? मिल थांबली तर ठपका आपल्यावर येणार, म्हणून गरजेपेक्षा जास्त ऊस तोडायला लावतो. यार्डात दीड-दोनशे गाड्या उभ्या राहतात, ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपतात, त्यांच्या खेपा बुडतात. दुसऱ्या दिवशी गाड्या परत फडावर वेळेत पोचत नाहीत, तोडणीच्या टोळ्या रिकाम्या बसतात आणि दोन दिवसांनी यार्ड ओस पडतं. अधिकारी तोच, गाड्या त्याच, रस्ते तेच. कमी होती ती फक्त वेळेवर मिळणारी माहिती. यार्डात उभा असलेला तो जादा ऊस माहितीची जागा भरून काढत असतो. गोदामातला जादा माल, दुकानातला जादा स्टॉक, सगळीकडं हेच चालू असतं.

मोबाईलवर चिठ्ठी आली तेव्हा हे चित्र बदललं. फडातच शेतकऱ्याचा कोड, गट नंबर, लागण की खोडवा, जात को ८६०३२ की फुले २६५, टोळी, वाहन आणि वेळ एवढं चिटबॉयनं भरलं की ते कारखान्यात दिसतं. किती टन रस्त्यावर आहे, किती लांबून येतंय, अजून चार तासांनी यार्डात किती गाड्या असतील, याचा अंदाज गाडी निघाल्यापासूनच बांधता येतो. दूरचा फड आणि जवळचा फड यांचं मिश्रण करून उद्याचा प्रोग्रॅम लावता येतो.

यात दोन बारकावे आहेत, आणि तुमच्या कोटेशनशी त्यांचा थेट संबंध आहे. पहिला म्हणजे फडात रेंज नसते. ज्या ॲपला सतत नेट लागायचं ते पहिल्या आठवड्यात बंद पडलं. ज्यात नोंद फोनमध्ये साठून रेंज आली की आपोआप पुढं जायची ते टिकलं. दुसरा बारकावा त्याहून महत्त्वाचा. चिटबॉयनं ते ॲप मनापासून वापरलं कारण त्याची संध्याकाळची गट ऑफिसची फेरी वाचली. ड्रायव्हरला चिठ्ठीवरच नंबर लागायला लागला, म्हणून चिठ्ठी नीट भरली की नाही हे तोच बघायला लागला. ज्या माणसाच्या बोटानं माहिती आत जाणार आहे त्याचं काम त्यातून हलकं झालं पाहिजे. साहेबाला रिपोर्ट हवा म्हणून हमालाला जादा काम लावलं, तर हमाल काहीतरी भरून मोकळा होतो, आणि मग त्या रिपोर्टवर कुणाचाच विश्वास राहत नाही.

काट्याचंही तसंच. ऊसपट्ट्यात काटामारीचा, म्हणजे वजनात फसवण्याचा संशय पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. वजनाचा आकडा माणसानं टाईप न करता काट्याच्या यंत्रातून थेट कॉम्प्युटरमध्ये जाणं आणि गाडी काट्यावरून उतरायच्या आत शेतकऱ्याच्या मोबाईलवर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ वजन जाणं, एवढ्या दोन गोष्टींनी भांडणं किती कमी होतात ते मी जवळून पाहिलंय. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानं ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचं बंधन घातलेलं आहे. पैशाची सोय हा वेगळा प्रश्न, पण निदान बिल तयार व्हायला वेळ लागला ही सबब तरी उरत नाही.

आता तुमच्या बेदाण्याकडं येऊ. द्राक्ष शेडवर येतं, डिपिंग होतं (लवकर सुकावं म्हणून द्रावणात बुडवतात), जाळीच्या रॅकवर पसरून पंधरवड्याच्या आसपास सुकतं. साधारण चार किलो द्राक्षांतून एक किलो बेदाणा निघतो. मग मळणी, प्रतवारी, पंधरा किलोच्या पेट्या आणि तुमचं कोल्ड स्टोरेज. तिथून अडत्यामार्फत नमुना सौद्याला (लिलावाला) जातो, व्यापारी घेतो, पुन्हा धुलाई-निवड-पॅकिंग होऊन दिल्ली, कोलकात्याला गाडी लागते. बारकाईनं बघितलं तर माल इथं पाच-सहा वेळा हात बदलतो. प्रत्येक ठिकाणी एक कागद तयार होतो आणि तो त्याच ठिकाणी राहतो. शेडवरच्या माणसाला ठाऊक असतं की अमुक लॉट पावसाच्या झडीत सुकला. तुमच्या चेंबरमध्ये तो लॉट चांगल्या मालाच्या शेजारी बसतो. आणि कोलकात्याच्या व्यापाऱ्याला पेटी उघडल्यावर कळतं की दाणा काळपट पडलाय. जी माहिती शेडवर फुकट मिळत होती, तीच साखळीच्या शेवटी भाव पाडून, तूट देऊन विकत घ्यावी लागते.

म्हणून तुमच्या धंद्यात आयटीची सुरुवात लॉट नंबरपासून व्हावी, असं मी आग्रहानं सांगेन. पेटी तुमच्या गेटमधून आत येते त्या क्षणी तिला नंबर मिळावा, आणि त्या नंबराला शेतकरी, गाव, शेड, काढणीची तारीख, ग्रेड, चेंबर आणि रॅक बांधलेले असावेत. पुढं तीच पेटी पॅकिंगला गेली की नव्या पॅकिंगचा बॅच नंबर कुठल्या लॉटमधून बनला हे नोंदवावं. युनिटमध्ये नेमकी इथंच साखळी तुटते. पाच शेतकऱ्यांचा माल एकत्र निवडला जातो आणि त्यानंतर कुठली पाकिटं कुणाची हे सांगता येत नाही. मिसळायला हरकत नाही, पण काय काय मिसळलं ते लिहिलेलं पाहिजे.

एवढ्यानं काय साधतं? समजा कोलकात्याहून फोन आला की चाळीस पेट्या काळपट निघाल्या. लॉट नंबर असेल तर पाच मिनिटांत कळतं की तो माल कुणाचा, त्याच लॉटच्या किती पेट्या अजून चेंबरमध्ये आहेत आणि किती दुसऱ्या व्यापाऱ्याच्या गाडीत चढल्या. दुसऱ्याला आधीच फोन करता येतो. वाद चाळीस पेट्यांपुरता राहतो. लॉट नंबर नसेल तर वाद अख्ख्या गाडीचा होतो, आणि गाडीचं पेमेंट अडकतं. शिवाय तुम्ही पाकिटं करून विकत असाल तर त्यावर बॅच किंवा लॉट नंबर छापणं अन्न सुरक्षा कायद्यानुसार बंधनकारकच आहे, आणि २०१७ च्या रिकॉल नियमांप्रमाणं खराब माल बाजारातून परत मागवायची वेळ आली तर तो कुठं गेला हे सांगता आलं पाहिजे. युरोपात तर २००५ पासून खाद्यपदार्थांच्या प्रत्येक व्यावसायिकाला एक पायरी मागचं आणि एक पायरी पुढचं नाव दाखवावंच लागतं. उद्या निर्यातीचा विचार केलात तर हा प्रश्न पहिल्याच मीटिंगला येईल.

लेबलबद्दल एक अगदी व्यवहाराची गोष्ट, कारण यावर चांगले प्रकल्प फसलेले पाहिलेत. पेटी चेंबरमधून बाहेर काढल्यावर तिच्यावर दव धरतं आणि त्यावर लेबल चिकटत नाही. चिकटलं तरी दोन दिवसांत सुटून पडतं. लेबल माल आत जायच्या आधी, कोरड्या पेटीवर लावायचं. साधं थर्मल लेबल, म्हणजे दुकानातल्या पावतीसारखं, काही महिन्यांत फिकट होतं. आपला माल आठ-दहा महिने पडून राहतो. त्यामुळं रिबनवर छापणारा प्रिंटर आणि प्लास्टिकसारखं न फाटणारं लेबल घ्या. बारकोडच्या खाली तोच नंबर मोठ्या ठळक देवनागरी आकड्यांत छापा. स्कॅनर बंद पडला तरी हमालाला टॉर्चच्या उजेडात तो वाचता आला पाहिजे.

आपल्या भागात हे आधीच मोठ्या प्रमाणावर होऊन गेलंय, आणि तेही द्राक्षातच. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश जास्त सापडले आणि निर्यातच धोक्यात आली. त्यानंतर अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेनं ग्रेपनेट ही प्रणाली उभी केली. निर्यातीचा प्रत्येक प्लॉट कृषी विभागाकडं नोंदवायचा, त्याला स्वतःचा नंबर. प्रयोगशाळा नमुना घेणार तो नोंदवलेल्या प्लॉटचाच. अहवाल थेट प्रणालीत. अंश जास्त निघाले तर त्या प्लॉटचा माल पुढंच सरकत नाही. ॲगमार्क (प्रतीचा) आणि फायटोसॅनिटरी (रोग-कीड नसल्याचा) दाखला त्याच साखळीतून. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यात मध्यवर्ती प्रयोगशाळेचं काम बघतं. मिरज किंवा तासगाव तालुक्यातल्या एका प्लॉटवर काय घडलं ते नेदरलँडमधल्या खरेदीदाराला कंटेनर पोचायच्या आधी कळतं. वर म्हटलं ते ‘मालाच्या आधी माहिती’ हे, आणि ते आपल्याच शेतकऱ्यांनी करून दाखवलंय. मला याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण त्याच ग्रेपनेटच्या गोष्टीचा पुढचा भागही धड्यात यायला हवा होता. २०१० मध्ये आपले कंटेनर युरोपात पुन्हा अडकले, या वेळी क्लोरमेक्वाट क्लोराईड या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनामुळं. बागाईतदार त्याला सीसीसी म्हणून ओळखतात. प्रणाली चालू होती, प्लॉट नोंदवलेले होते, अहवालही होते. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नावच नव्हतं. बागाईतदारांचं अतोनात नुकसान झालं. सांगायचा मुद्दा हा की प्रणालीला जे विचाराल तेवढंच ती तपासते. काय विचारायचं हे बागेत आणि बाजारात फिरणाऱ्या माणसानंच ठरवावं लागतं, आणि ती यादी दर हंगामाला नव्यानं बघावी लागते. तुमच्या वडिलांच्या वहीला म्हणूनच कमी लेखू नका. कुठल्या गावच्या कुठल्या शेडचा माल दिवाळीपर्यंत रंग धरून राहतो, कुणाच्या पेटीत खाली वेगळा माल निघतो, हे त्यांच्या डोक्यात आहे. लॉटला कुठली माहिती जोडायची याची यादी सॉफ्टवेअरवाल्यांकडून न घेता त्यांच्याकडून घ्या.

पुस्तकात बुलव्हिप इफेक्ट (मागणीतला छोटा चढउतार साखळीत मागं जाताना फुगत जाणं) नावाचा भाग असेल. परीक्षेपुरता पाठ करू नका, तो तुमच्या चेंबरमध्ये दरवर्षी घडतो. अमेरिकन संशोधक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हा प्रकार मांडला, आणि १९९७ मध्ये हाऊ ली आणि सहकाऱ्यांनी प्रॉक्टर अँड गँबलच्या डायपरचं उदाहरण देऊन तो सगळ्यांना पटवला. बाळं काही एका महिन्यात दुप्पट डायपर वापरत नाहीत, दुकानातली विक्री जवळजवळ सारखी असते. पण वितरकांच्या ऑर्डरी मात्र वरखाली होतात, आणि कंपनीनं कच्च्या मालाच्या पुरवठादाराला दिलेल्या ऑर्डरी त्याहून जास्त हेलकावे खातात. आता दिवाळीच्या तोंडावरचा बेदाणा बघा. माल कमी आहे अशी हवा उठते. दिल्लीचा व्यापारी गरजेच्या दीडपट मागतो, कारण त्याला वाटतं मागितल्याच्या निम्मंच मिळेल. इथला पॅकर तो आकडा खरा धरून सौद्यात चढ्या भावानं उचलतो. दिवाळी सरली की दिल्लीची ऑर्डर बंद, आणि इथं चेंबर भरलेलं. लोकांनी बेदाणा तितकाच खाल्लेला असतो.

यावरचा इलाज म्हणजे ऑर्डरच्या आकड्यावर न विसंबता विक्रीचा आकडा मिळवणं. वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीनं १९९० च्या दशकात रिटेल लिंक या प्रणालीतून आपल्या पुरवठादारांना दुकानातल्या विक्रीचे आकडे उघडे केले, त्यामागं हेच होतं. तुम्हाला तेवढी यंत्रणा लागत नाही. तुमचा बराचसा माल जे पाच-सहा खरेदीदार उचलतात, त्यांच्याशी ठरवा की दर शनिवारी व्हॉट्सॲपवर दोन आकडे यायचे: आठवड्यात किती पेट्या विकल्या, गोदामात किती उरल्या. बदल्यात तुम्ही त्यांना तुमच्या चेंबरमधला ग्रेडनिहाय साठा खरा सांगायचा. पहिल्यांदा कुणी सांगणार नाही. आपला आकडा आधी दिल्यावर दोघंतिघं सांगू लागतात, आणि तेवढ्यांवरसुद्धा खरेदीचा अंदाज पुष्कळ सुधारतो. माझ्या मते, एमबीएच्या प्रोजेक्टलाही हा विषय चांगला आहे.

सरकारी यंत्रणेमुळं काही माहिती तुमच्याकडं आपोआप तयार होते आहे, ती वाया घालवू नका. १ एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालाला ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) आलं. पन्नास हजारांवरच्या मालाची गाडी त्याशिवाय निघत नाही. ५ कोटींवर उलाढाल असेल तर ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉईसही (सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल). बहुतेक जण हे कर सल्लागाराचं काम म्हणून सोडून देतात. पण कुठल्या गाडीनं, कुठल्या दिवशी, किती माल, किती किलोमीटर गेला हे सगळं त्यात आहे. दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबानं दिल्लीच्या सोळाशे किलोमीटरला आठ दिवसांची मुदत मिळते. वाटेत गाडी बदलली तर पार्ट बी (बिलातला वाहनाच्या माहितीचा भाग) बदलावा लागतो, आणि मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तासांनंतरपर्यंतच ती वाढवता येते. गाडी बिघडल्याचा ड्रायव्हरचा फोन रात्री कुणी उचलायचा आणि पार्ट बी कुणी बदलायचा हे नावानिशी ठरलेलं असावं. वर्षभराची ई-वे बिलं एक्सेलमध्ये उतरवून ट्रान्सपोर्टनिहाय, महिन्यानिहाय मांडून बघा. कुठला ट्रान्सपोर्टवाला सणाच्या तोंडावर हात वर करतो ते स्वच्छ दिसेल.

तापमानाबद्दल थोडक्यात. बेदाण्याच्या चेंबरला चार-पाच अंश लागतात, आणि बहुतेक ठिकाणी एकच तापमापक दाराशेजारी असतो. कोपऱ्यात, वरच्या थरात काय चाललंय ते कुणालाच माहीत नसतं. प्रत्येक चेंबरला तीन-चार सेन्सर, दर दहा मिनिटांनी नोंद, आणि ठरावीक वेळेपेक्षा जास्त काळ तापमान चढलं तर ऑपरेटर आणि मालक दोघांना फोन. रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही, हे सकाळी कळण्यापेक्षा वीस मिनिटांत कळावं. हा खर्च मी ईआरपीच्या आधी करेन. शेतकऱ्याला ‘तुमच्या मालाचं तापमान हे बघा’ म्हणून मोबाईलवर आलेख दाखवता आला, तर पुढच्या हंगामात तो माल दुसरीकडं नेत नाही. साठ्याची नोंद अशी पक्की असली की बँकेशी बोलणंही सोपं जातं. २०१७ पासून नोंदणीकृत गोदामांना इलेक्ट्रॉनिक गोदाम पावती देता येते आणि तीवर शेतकऱ्याला तारण कर्ज मिळू शकतं. भाव पडलेला असताना माल विकायची घाई त्यामुळं टळते.

पुराचं बोलल्याशिवाय सांगलीत हा विषय पूर्ण होत नाही. हरिपूरच्या पेवांत (जमिनीखालच्या कोठारांत) पिढ्यान्‌पिढ्या हळद सुखरूप राहिली, आणि २००५ च्या पुरानं ती पेवं निकामी केली. २०१९ ला पुन्हा पाणी शहरात शिरलं, पेठेतली दुकानं, गोदामं पाण्याखाली गेली. तळमजल्यावरच्या वह्या भिजल्या आणि तळमजल्यावरचे कॉम्प्युटरही बुडाले. त्यात काही फरक नव्हता. फरक पडला तो ज्यांच्या साठ्याची नोंद दुसऱ्या गावी किंवा क्लाउडवर होती त्यांना. विम्याच्या सर्व्हेअरला बुडाल्या दिवशीचा साठा ते दाखवू शकले. तासगावात तुमच्याकडं कृष्णेचं पाणी येणार नाही, पण शॉर्टसर्किट होऊ शकतं, हार्डडिस्क जाऊ शकते. रोज रात्री एक प्रत बाहेर जाते की नाही हे महिन्यातून एकदा ती प्रत उघडून बघायचं. नुसतं ‘बॅकअप चालू आहे’ या उत्तरावर थांबू नका.

ब्लॉकचेनचं विचारलंत. वॉलमार्ट आणि आयबीएमनं केलेल्या चाचणीत कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचं मूळ शोधायला लागणारा वेळ सुमारे सात दिवसांवरून २.२ सेकंदांवर आला, हे खरं आहे. पण त्यातला मोठा वाटा कागदावरच्या नोंदी आधी डिजिटल झाल्या याचा आहे. नोंद नंतर कुणाला बदलता येऊ नये याची काळजी ब्लॉकचेन घेतं. मुळात नोंद खरी आहे का हे त्याला कळत नाही. तुम्हाला सध्या त्याची गरज नाही. मागणीचा अंदाज सांगणाऱ्या एआयचंही तसंच: तीन-चार हंगामांची लॉटनिहाय, ग्रेडनिहाय, स्वच्छ माहिती हाताशी आली की मग त्याचा विचार करा.

राहिलं कोटेशन. त्यावर सही करण्याआधी टॅलीमधल्या बॅच आणि गोडाऊन या दोन सोयी चालू करा. त्या तुमच्याकडं आत्ताही असणार, फक्त वापरात नसतील. प्रत्येक चेंबर एक गोडाऊन, प्रत्येक लॉट एक बॅच. त्याबरोबर खात्यांची साफसफाई करा. एकाच शेतकऱ्याची तीन स्पेलिंगची तीन खाती, कुठं पंधरा किलो निव्वळ तर कुठं पेटीसकट वजन, हिरव्या मालाची पाच नावं, हे आधी निस्तरलं पाहिजे. हे काम कंटाळवाणं आहे, पण कुठलीही कंपनी ते तुमच्यासाठी करणार नाही. केलंच तर चुकीचं करेल, कारण सावळजचे दोन पाटील वेगळे की एकच, हे तिला कसं कळणार?

आणि वेळ सांभाळा. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं १९९९ मध्ये नवी प्रणाली एप्रिलऐवजी जुलैत चालू केली, म्हणजे हॅलोविनच्या विक्रीच्या ऐन तोंडावर. माल गोदामात पडून होता, पण ऑर्डरप्रमाणं बाहेर निघेना. सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत. आमच्याकडंही मोळी टाकून झाल्यावर, म्हणजे गाळप हंगाम सुरू झाल्यावर नवं सॉफ्टवेअर चालू करायचं नाही, हा नियम पाळला गेला तिथं त्रास झाला नाही. तुमची आवक फेब्रुवारी ते मे, आणि दिवाळीची जावक सप्टेंबर-ऑक्टोबर. म्हणजे जून-जुलै हाच काळ मोकळा. एक चेंबर घ्या, एकच ग्रेड घ्या, आणि दिवाळी होईपर्यंत वही आणि कॉम्प्युटर दोन्ही चालू ठेवा. दर आठवड्याला त्या चेंबरमधल्या पेट्या प्रत्यक्ष मोजून तीन आकडे शेजारी मांडा: वहीतला, कॉम्प्युटरमधला आणि मोजलेला. मोजणीला वडिलांना बरोबर घ्या.

कंपनीला विचारायचे प्रश्न असे. नेट नसताना गेटवरची नोंद होते का? काट्याचं वजन थेट येतं का? स्क्रीन मराठीत आहे का, कारण पेट्या उतरवून घेणाऱ्या मुकादमाला ती वाचता आली पाहिजे. हंगामात रात्री नऊला फोन कोण उचलतो? आणि उद्या आम्ही तुम्हाला सोडलं तर आमची सगळी माहिती एक्सेलमध्ये आमच्या हाती मिळेल, हे करारात लिहून देता का? शेवटच्या प्रश्नाला तोंडी ‘हो’ चालणार नाही. एका चेंबरपुरतं काम घ्यायला ते तयार नसतील तर कोटेशन परत करा. सांगली-मिरज-कुपवाडच्या पट्ट्यात लहान कामं नीट करणारी माणसं आहेत, आणि तासगावला यायला त्यांना तासभर पुरतो.